एक्केचाळीस नंबरचा दिवा

त्या ऑफिसातून बाहेर फोन लावायचा, तर आधी ऑपरेटरबाईंकडे लाइन मागावी लागे. महिन्यापूर्वी एक्केचाळीस नंबरच्या फोनवरून एका म्हाताऱ्या कारकुनाने भर दुपारी तीनदा लाइन मागितली होती. घरी त्याची बायको एकटीच होती आणि तिला सकाळपासून धाप लागली होती.

"लाइन मोकळी नाही हो आजोबा," बाई म्हणाल्या होत्या. समोरच्या टेलिफोन-बोर्डावर दोन लाइनी मोकळ्या होत्या, पण बाईंच्या पुढ्यात डबा उघडलेला होता. "बायको काय पळून जाते का?"

बायको तासाभरात गेली. कारकून कामावर परत आलाच नाही. त्याचा फोन ऑपरेटरच्या खोलीतल्या कपाटात टाकला आणि वायर भिंतीपाशी कापली.

आज बाईंची मुलगी तापाने फणफणून घरी एकटी होती. दुपारी बाईंनी लाइन घेऊन घरचा नंबर फिरवला. पलीकडे रिंग वाजू लागली. त्याच क्षणी बोर्डावर एक्केचाळीसचा दिवा लागला आणि पाठीमागचं कपाट वाजू लागलं.

बाईंनी फोन ठेवला. दिवा विझला, कपाट गप्प झालं.

"बोर्ड बिघडलाय मेला," असं पुटपुटत त्यांनी पुन्हा नंबर फिरवला. पुन्हा दिवा लागला. कानातली रिंग आणि कपाटातली रिंग यांत केसाएवढंही अंतर नव्हतं.

मग दोन्ही एकदम थांबल्या. कुणीतरी फोन उचलला होता.

"आई..." मुलगी धापा टाकत म्हणाली, पण फार लांबून.

"लाइन मोकळी नाही हो बाई," कारकून अगदी जवळून म्हणाला. "मुलगी काय पळून जाते का?"