कुरडयांची सावड

मोबाईलवर पाळणा दिसायला हवा होता. दिसत होती बाज. बाजेवर प्लॅस्टिकचा कागद आणि कागदावर ओळीनं घातलेल्या कुरडया.

सोनमनं पडदा पुसला. ॲप बंद करून पुन्हा उघडलं. कुरडयाच. आठ महिन्यांचा माऊली कुठंच नव्हता.

कुरकुंभच्या कंपनीतली दहाच्या चहाची सुट्टी. बाळंतपणाच्या रजेनंतर लॅबमधला तिचा हा तिसराच दिवस. कामावर यायच्या आधी तिनं कॅमेरा मागवला होता आणि पाळण्यावर नेमका रोखून बसवला होता. घरी सासूबाई होत्या. पण उकळलेला चमचा आणि नुसता विसळलेला चमचा यांतला फरक त्यांना पटत नव्हता. नवऱ्याला तिनं आधीच बजावलं होतं, ‘पोराची जरा जरी आबाळ दिसली, तरी नोकरी सोडून घरी बसणार.’ बीएस्सी, चार वर्षांची नोकरी, सगळ्यावर पाणी.

सासूबाईंचा फोन पाच वेळा वाजून थांबला.

“मॅडम, मी निघाले,” ती लॅबच्या इनचार्ज गौतमी मॅडमना म्हणाली. “आणि उद्यापासून बहुतेक येणार नाही.”

“अगं, तिसरा दिवस ना तुझा?”

ऐकायला सोनम होती कुठं? स्कूटी पाटसच्या पुढं गेली होती. चौफुल्याला केडगावकडं वळेपर्यंत तिच्या मनात माऊली तीनदा पडला होता, एकदा हरवला होता आणि एकदा त्याला सलाईनही लागलं होतं.

वस्तीवर पोचली तर ओसरीत दहा बायका. मधोमध चुलीवर पातेलं, पातेल्यात गव्हाचा चीक रटरटतोय. शेजारच्या झुंबरबाईंच्या मांडीवर उघडाबंब माऊली, आणि त्यांच्या बोटावरचा चीक तो डोळे मिटून चाटतोय.

“आत्या! पाळणा कुठंय?”

“खुंटीला टांगलाय,” सासूबाई म्हणजे आक्काबाई शांतपणे म्हणाल्या. “चुलीला जागा नको व्हय?”

“आणि कॅमेरा?”

“मागं परसात. कावळ्यांवर.”

“कावळ्यांवर?”

“मग रिकामा पाळणा बघत बसू द्यायचं का त्याला? म्हनलं, लाल दिवा बघून भितील मेले.”

“भ्याले?”

“भितात कशाचे! एक तर त्याच्याच डोक्यावर बसला व्हता.”

बायका खो खो हसल्या. सोनमला हसू येईना. “फोन तरी उचलायचा ना!”

आक्काबाईंनी दोन्ही हात वर केले. कोपरापर्यंत चीक.

सोनम झुंबरबाईंकडं वळली. “मावशी, त्याला भरवताय ते... हात धुतलेत ना?”

“धुतलेत? सकाळधरनं गरम चिकात हाईत, बाय. तुझ्या त्या चमच्यापरीस जास्ती उकाळलेत.”

गेल्याच आठवड्यात ती सासूबाईंना म्हणाली होती, ‘कुरडयांचं पाकीट मिळतं की दुकानात, कशाला एवढा राडा?’ आता ती दाराशी उभी राहून तो राडा बघत होती. चीक थांबत नाही. गरम आहे तोवरच सोऱ्यातून दाबायचा, गार झाला की गेला. एकटीचं काम नव्हेच ते. एक ढवळणार, एक सोऱ्या भरणार, दोघी दाबणार. बाज भरली की दोघी ती उचलून परसातल्या उन्हात ठेवणार. जिचा खांदा भरून येईल तिनं सोऱ्या दुसरीकडं द्यायचा आणि माऊलीला घ्यायचं. माऊली म्हणजे विसावा. झुंबरबाई सोऱ्याला उठल्या तसा तो आपसूक पुढच्या मांडीवर सरकला. ना रडला, ना बिचकला. आईकडं एकदा बघून हसला आणि पुन्हा चिकाकडं वळला. तेवढं मात्र सोनमला जरा लागलं.

एवढ्यात हातातल्या मोबाईलवर काहीतरी काळं हललं. कावळा. थेट मधल्या कुरडईकडं. बायकांचे हात अडकलेले, परस घराच्या पलीकडं. सोनमनं विचार न करता ॲपमधलं बोलायचं बटण दाबलं.

“हुऽर्र! हाऽऽ, हाऽऽ!”

मागून कॅमेऱ्यातून तिचाच आवाज दणकला. कावळा गायब.

झुंबरबाई म्हणाल्या, “अगं बया! हे बोलतंय व्हय? सोनम, उद्या माझ्याकडं कुरडया हाईत. आमची सावड ठाऊक हाय ना? आज आमी तुमच्याकडं राबलो, उद्या तुमच्या घरचे हात माझ्याकडं. आक्का येतीच. तूबी यायचं.”

“उद्या मला ड्यूटी आहे, मावशी,” सोनम म्हणाली, आणि स्वतःचंच बोलणं ऐकून चपापली. मग हळूच म्हणाली, “पण दहाच्या चहाला बघू शकते. आणि एकच्या जेवणाला.”

“मग झालं की! कॅमेरा माझ्या परसात लावते. तुझं काम ठरलं.”

दुसऱ्या दिवशी दहाच्या चहाला कॅन्टीन भरलेलं होतं. कोपऱ्यातून एकदम आरोळी उठली.

“हुऽर्र! हाऽऽ, हाऽऽ!”

अख्खं कॅन्टीन वळून बघायला लागलं. गौतमी मॅडम चहा ठेवून धावत आल्या. “सोनम, काय झालं? बाळ बरं आहे ना?”

“बाळाला काय धाड भरलीय, मॅडम?” मोबाईलवरची नजर न काढता सोनम म्हणाली. “त्याच्यापाशी दहा जणी आहेत. कुरडया एकट्या आहेत!”