पडझडीचा तज्ज्ञ

इमारती उभ्या करणारे इंजिनिअर पैशाला पासरी होते, म्हणून त्याने कुणीच न धरलेली वाट धरली. इमारत का कोसळली, हे ढिगाऱ्यातल्या काँक्रीटवरून सांगायचं. सात वर्षांत त्याचं असं नाव झालं, की कुठेही इमारत पडली की पहिला फोन त्यालाच जायचा.

एके दिवशी मावशीचा फोन आला. "अरे, आमच्या तळमजल्यावरच्या खांबाला भेग पडलीय. बोट जातंय आत. जरा बघून जा ना."

"मावशी, उभ्या इमारती बघणारे वेगळे असतात गं. मी पडलेल्यांचा माणूस."

"म्हणजे तुझी पायधूळ झडायची तर आधी इमारत पडायला हवी म्हण की!" मावशी हसली. तोही हसला आणि कामाला लागला.

नवव्या दिवशी ती इमारत कोसळली. मावशीसकट अकरा माणसं गेली आणि चौकशी अर्थातच त्याच्याकडे आली. अहवालाचे सगळे रकाने त्याने नेहमीच्या काटेकोरपणे भरले. शेवटचा प्रश्न होता, "रहिवाशांनी धोक्याची कल्पना आधी कुठल्या तज्ज्ञाला दिली होती का?"



त्याने लिहिलं, "नाही."