काचेवरचं कुलूप

विजेच्या शेगडीने तीनदा टुं-टुं केलं आणि काचेवरचा लाल आकडा विझला. सासूबाईंनी पुन्हा बोट टेकवलं. मग अंगठा टेकवला. मग दार वाजवावं तसं मधल्या बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं. शेगडी ढिम्म.

"बटण कुठंय गं हिला?"

"बटण नसतं, आई. नुसतं बोट टेकवायचं."

"मघापासून काय करतेय मग?"

टेबलाशी बसलेली त्यांची धाकटी बहीण खुदकन हसली. पुष्कळ दिवसांनी आली होती आणि आल्या आल्या म्हणाली होती, ताई, चहा तुझ्याच हातचा हवा. सून लगेच बाजूला झाली होती. "करा ना, आई. घर तुमचंच आहे."

"अगोबाई, ताईला शेगडी पेटवता येत नाही!" बहीण म्हणाली. तिच्या दोन्ही मुली हसल्या. सासूबाईंचा मुलगाही वर्तमानपत्राआड हसला. सून हसली नाही. तिने सावकाश पुढे होऊन त्यांचा हात बाजूला केला, काचेच्या कोपऱ्यावर बोट धरलं, मग मधे टेकवलं, आणि पाणी उकळायला लागलं. सासूबाई स्टुलावर जाऊन बसल्या.

काचेच्या कोपऱ्यात किल्लीचं बारीकसं चित्र होतं. त्यावर तीन सेकंद बोट दाबून धरलं की शेगडीला कुलूप लागे, लहान मुलांनी हात लावू नये म्हणून. या घरात लहान मूल नव्हतं. कुलूप दिवसभर लागलेलं असे.

ते सापडायलाही सुनेला घाम गाळावा लागला होता. शेगडी बसवायला आलेला माणूस "सगळं पुस्तकात आहे" म्हणत सटकला. पुस्तक सहा भाषांत होतं आणि त्यातली एकही घरात कुणाला धड येत नव्हती. दिवसभर चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवून, बारीक स्क्रू पिळून डोळे शिणवायचे आणि घरी येऊन या काचेशी झटायचं. अर्धी भांडी शेगडीला चालत नसत. ओल्या हाताने भलताच आकडा पेटे. दूध कोमट झालं की बया आपोआप बंद. तिसऱ्या संध्याकाळी चुकून किल्ली दाबली गेली आणि सगळंच बंद पडलं. तासभर तिने शेगडीच्या सात पिढ्या उद्धरल्या. मग कुलूप उघडलं, तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या रात्री तिला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

सव्वीस वर्षं वाट पाहिली होती तिने. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिच्या हातून दूध उतू गेलं, तेव्हा आठ पाहुण्यांसमोर सासूबाई म्हणाल्या होत्या, "आईने काही शिकवलेलं दिसत नाही. तू आपली चिरून दे." पुढची अकरा वर्षं तिने नुसतं चिरलं. नंतर भाजी फोडणीला टाकू दिली, पण मीठ मात्र त्याच घालत. तिची आई वारली त्या आठवड्यातही तिला कुणी "आज काय करू या" असं विचारलं नाही. त्या स्वयंपाकघराची ती मोलकरीणही नव्हती. मोलकरणीला निदान सुट्टी असते.

आता मीठही तिचं आणि आकडाही तिचाच. सासूबाई दुपारी गरम दुधाला महाग झाल्या, तरी तिला काही वाटलं नाही. जशास तसं.

पाहुणे येऊन गेल्यावर आठवड्याने दुकानातली वीज गेली आणि ती दुपारीच घरी परतली. चपला काढताना तिला आतून ओळखीचा टुं ऐकू आला.

सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी बोट तोंडाशी नेऊन त्यावर वाफ सोडली आणि किल्लीवर धरून ठेवलं. कुलूप उघडलं. त्यांनी दूध तापवलं, पेल्यात ओतलं, भांडं विसळून ठेवलं, काच पुसली. मग किल्ली पुन्हा दाबली. कुलूप लागलं.

"कधीपासून?" दारातून सुनेने विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

सासूबाई दचकल्या नाहीत. "आणलीस त्याच आठवड्यापासून. तुला दाबताना पाहिलं होतं. म्हातारपणी बोटं कोरडी पडतात, वाफ दिली की लागतं."

"आणि मावशींसमोर? सगळे हसले तुम्हाला!"

"हसू दे की. सगळ्यांना कळलेलं बरं, हिला आता जमत नाही. ताई, तुझ्या हातचं कर, असं म्हणायला कुणी यायला नको."

सून ओट्यापाशी आली. "नकोच होती चूल, तर मला का नाही हात लावू दिलात? अकरा वर्षं, आई!"

"दिली असती, तर या घरात मी कोण राहिले असते?" सासूबाईंनी दुधाचा घोट घेतला. रागावल्या नव्हत्या, हसतही नव्हत्या. "बासष्ट वर्षं उभी होते इथे. आपणहून सोडायची हिंमत काही झाली नाही. तू हिसकावून घेतलीस आणि मी सुटले."

त्यांनी पेला संपवला आणि तो तिच्या हातात दिला.

"आता बघ, तुझ्या हातून कोण हिसकावून घेतंय."