व्हार्निशचा दिवस

झेलीच्या वनदेवीचं चित्र थेट छताला टेकलं होतं. शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभं राहूनही ब्रश देवीच्या घोट्यापर्यंतच पोहोचत होता.

"उतर गं आता! तिला काय, छतातले कोळीच बघणार आहेत!" खालून ऑक्टावी ओरडली. आजूबाजूच्या शिड्यांवरचे दोघेतिघे हसले.

झेली उतरली. उद्या प्रदर्शन उघडणार आणि सगळं पॅरिस इथे लोटणार होतं. आज चित्रकारांनी आपापल्या चित्रावर शेवटचं व्हार्निश चढवायचं.

ऑक्टावीची धोबीण बरोबर माणसाच्या नजरेसमोर टांगली होती. लाल सुजलेले हात, ओला एप्रन, मागे काळोखी भिंत. देवीला चार वर्षं लागली होती, धोबिणीला सहा आठवडे. पाच वर्षांपूर्वी निवड समितीने असली बाई दारातूनच हाकलली असती. आता म्हणे, हेच खरं. आणि ते खरंच होतं, हेच झेलीला सोसत नव्हतं.

"दुपारी मंत्रालयाचा माणूस येतोय," ऑक्टावी व्हार्निशची बाटली हलवत म्हणाली. "सरकार विकत घेईल म्हणतात. थेट संग्रहालयात!"

चित्रातल्या भिंतीचा काळोख जरा जास्तच चकाकत होता. झेलीने त्यावर बोट टेकवलं. बोट चिकटलं. डांबरी तपकिरी रंग; महिनोन्‌महिने वाळत नाही. वर व्हार्निश बसलं, की ते आधी सुकून ताठ होणार, खालचा रंग सरकत राहणार, आणि वर्ष-दोन वर्षांत धोबीण भेगाळलेल्या शेतासारखी फाटणार.

"थांब. भिंत ओली आहे," झेली म्हणाली.

"काहीतरीच! काल मी स्वतः एप्रनला हात लावून बघितला. खडखडीत आहे."

"एप्रन पांढरा आहे. पांढरा लवकर वाळतो. मी भिंतीचं बोलतेय."

ऑक्टावीने चित्राकडे नाही, तिच्याकडे पाहिलं. मग मायेनेच म्हणाली, "झेली, तुझं चित्र इतकं वर टांगलं गेलं याचं मलाही वाईट वाटतं गं. पण म्हणून माझ्या चित्रात खोट कशाला काढतेस?"

झेलीच्या बोटावर तपकिरी ठसा होता. बोट नुसतं वर केलं असतं तरी पुरलं असतं.

तिने मूठ मिटली.

"बरं बाई, वाळली असेल," ती म्हणाली, आणि दुसऱ्या हाताने आपली व्हार्निशची वाटी पुढे धरली. "जरा जाड लाव. चमक येईल."