मधल्या सीटचा पट्टा

गाडी समुद्राच्या कडेने धावू लागली आणि सीटबेल्टची पीपी सुरू झाली.

"अहो, मागच्या मधल्या सीटचा दिवा लागलाय," बायको म्हणाली. मागे आजी आणि मुलगी दोन खिडक्यांशी बसल्या होत्या. मधे कुणीच नव्हतं.

तो मेकॅनिक. सीटवर वजन आलं की ही पीपी वाजते, हे त्याला पाठ. "सेन्सर गेला असेल. कटकट नको," म्हणत त्याने गाडी थांबवली, रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला आणि खटकन अडकवला. गिऱ्हाइकांनाही तो हेच करून द्यायचा. पीपी बंद झाली.

थोड्या वेळाने उकडतंय म्हणून आजीने आपला पट्टा सोडला. पीपी वाजली नाही. मुलीने गंमत म्हणून सोडला. बायकोने सोडला. तरी नाही.

"बिघडलं वाटतं," बायको हसली.

त्याला हसू आलं नाही. आरशात मधला पट्टा कुणाच्या तरी पोटावर ताणल्यासारखा फुगला होता.

त्याने स्वतःचा पट्टा सोडून पाहिला. गाडी गप्पच.

"अहो, हळू! वळण आलं."

वळणापलीकडे नुसतं पाणी होतं. त्याने ब्रेकवर पाय ठेवला, मग सगळ्या अंगाचा भार टाकला. ब्रेक केसभरही दबला नाही, जणू त्याच्या अंगाला वजनच उरलं नव्हतं.