पोपटी साडीतले मोर

प्रमिलाताईंनी पोपटी साडीच्या पदराला कात्री लावली आणि समोर बसलेल्या हेमलताच्या काळजात चर्र झालं.

दर शनिवारी सोसायटीच्या हॉलमध्ये बायका कापडी वह्या करायला जमत. जुन्या कपड्यांचे तुकडे, लेस, बटणं, लग्नपत्रिकेवरचा गणपती, काय हवं ते पानांवर शिवायचं नाहीतर चिकटवायचं. पण जुन्या कपड्यांचे! ही साडी गेल्याच महिन्यात प्रमिलाताईंच्या वास्तुशांतीला हेमलतानं दिली होती, "खास येवल्याहून आणलीय" असं चारचौघींत सांगून.

"कोरी साडी कापवते तरी कशी हो तुम्हाला?" तिनं फणकाऱ्यानं विचारलं.

प्रमिलाताई शांतपणे पदरावरचा मोर कापत राहिल्या. तेवढ्यात शेजारच्या सुमतीकाकूंनी चष्मा सारखा करत उरलेला पदर उचलला. "अगं हेमा, ही तर मी तुला डोहाळजेवणात दिलेली! तुझा मुलगा आता दहावीला आहे ना?"

हेमलताच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"आणि काकू, तुम्हाला ती तुमच्या लेकीच्या लग्नात मी दिली होती," प्रमिलाताई म्हणाल्या. "इतकी वर्षं हिंडून परत घरी आली, तीही घडी न मोडता. म्हटलं, आता हिला पुन्हा बाहेर पाठवायचं नाही."

काकू घाईघाईनं चष्मा पुसू लागल्या. हेमलतानं मान खाली घातली. प्रमिलाताईंनी तिची वही ओढली, पानाच्या मधोमध मोर चिकटवला आणि बोटानं नीट दाबत म्हणाल्या, "जपून ठेव गं. खास येवल्याहून आणलाय."