अर्धी बाटली पाणी

एका कंसापायी माझा प्रोग्राम दुपारपासून अडकला होता. कोडिंगच्या क्लासात सगळे माझ्या खुर्चीमागे जमून अक्कल पाजळत होते. शेवटी तो कंस मलाच सापडला, प्रोग्राम धावला आणि त्या आनंदात मी शेजारच्या मैत्रिणीची बाटली उचलून घटाघटा प्यायले. "अगं बये, तुझा रोजा!" ती किंचाळली. तोंडातला घोट मी कचऱ्याच्या डब्यात थुंकला. खुर्चीमागचा चष्मेवाला ढापण्या म्हणाला, "गेला की आता! चल कॅन्टीनला." त्याचे दात घशात घालावेसे वाटले. गंमत वाटते यांना! अब्बांनी बजावलं होतं, रमजानात क्लासपायी एक जरी रोजा मोडला तर क्लास बंद. खोटं बोलता आलं असतं. पण खोटं बोलून रोजा धरायचा तर उपाशी तरी कशाला मरायचं? बाहेर जाऊन सरळ अब्बांना फोन लावला. ते बेकरीत भट्टीपुढे होते. "अब्बा, मी पाणी प्यायले." "मुद्दाम?" "नाही हो, विसरून. आठवलं तशी थांबले." "मग रोजा कुठे मोडला, वेडाबाई? भुलून प्यायलेलं पाणी अल्लाहनेच पाजलेलं असतं. चालू ठेव." मी तिथेच पायरीवर बसले. "आणि क्लास?" "तोही चालू ठेव." मग त्यांनी हळूच विचारलं, "किती प्यायलीस?" "अर्धी बाटली." अब्बा खो खो हसले. "नशीब काढलंस, पोरी! या भट्टीपुढे उभं राहून मला एकदाही रोजा विसरता आला नाही."